फ्लूची लस: घरात कुणाला कोणती द्यायची?

हळदीचं पान (सांगली)

नमस्कार मंडळी.

गेल्या श्रावणात आमच्या आण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, ताप भरला. हवा बदलली की येतोच, म्हणून दोन दिवस घरीच तापाची गोळी देत बसलो. तिसऱ्या दिवशी पहाटे धाप लागली. विश्रामबागेतून मिरज गाठेपर्यंत ओठ निळे पडले होते. तपासणीत इन्फ्लुएंझा 'ए' निघाला. नऊ दिवस दवाखाना, त्यातले चार आयसीयूत. घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं, "यांना मधुमेह, त्यात बायपास झालेली, फ्लूची लस दिली नव्हती?" मोठ्या माणसांना दरवर्षी अशी लस असते हे आमच्यात कुणाला ठाऊकच नव्हतं.

यंदा पाऊस लागायच्या आत सगळ्या घराला द्यायचं ठरवलंय. चौकशीला बाहेर पडले आणि डोकं चक्रावलं. एका मेडिकलमध्ये तीन घटकांची, दुसऱ्यात चार घटकांची. एका खोक्यावर 'नॉर्दर्न हेमिस्फिअर', दुसऱ्यावर 'सदर्न'. अमेरिकेतल्या नणंदेचा फोन, की आण्णांना हाय डोसच द्या. शेजारच्या काकू म्हणतात, नाकात मारायची मिळते, सुई कशाला टोचता.

घरात आण्णा ७१. आई (सासूबाई) ६६, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू. जाऊबाईंना पाचवा महिना. माझा मुलगा तीन वर्षांचा, त्याला ही लस आजवर दिलेली नाही. मी ३४, हे ३९, आम्हा दोघांना काही आजार नाही. दीर कामानिमित्त बाहेरगावी असतात, त्यांचं नंतर बघू. कुणाला कोणती द्यावी? जाणकारांनी सांगावं, आणि अनुभव असतील तेही लिहा.

घाटमाथा (वाई)

आमच्याकडेही हाच प्रश्न आहे. वाचतोय.

बालवैद्य (कऱ्हाड)

ताई, सहा माणसं आहेत म्हणून सहा लसी शोधत बसू नका. नेहमीची सुईची लस, जिच्यात विषाणू मारून त्याचे तुकडे केलेले असतात, ती तुमच्या सहाही जणांना चालते. फरक आहे तो डोस किती, द्यायची कधी आणि कोणती टाळायची यात.

आधी मुलाचं सांगतो. सहा महिन्यांपासून आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला ही लस आयुष्यात पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, मध्ये चार आठवडे. पहिल्यात शरीराची नुसती ओळख होते, भरवशाचं संरक्षण दुसऱ्यानंतर. पुढच्या वर्षीपासून एकच. दर वर्षी बघतो, पालक पहिला देऊन जातात आणि दुसऱ्याला फिरकत नाहीत. तेवढं करू नका.

जाऊबाईंना कुठल्याही महिन्यात चालते. आणि त्यांची लस एकट्या त्यांच्यासाठी नाही. बाळ जन्मल्यावर पहिले सहा महिने त्याला ही लस देताच येत नाही. आईच्या रक्तातून वारेवाटे जे बळ बाळाकडे जातं, तेवढंच त्याचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ साली गरोदर स्त्रियांना प्राधान्याच्या यादीत सगळ्यात वर घेतलं.

नाकातल्या लसीत विषाणू दुबळा केलेला असला तरी जिवंत असतो. गरोदर बाईला ती द्यायची नाही, प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसालाही नाही. परदेशात ती २ ते ४९ वयाच्या धडधाकट लोकांना देतात. म्हणजे आण्णा, आई, जाऊबाई तिघंही बाद. तुमच्या घरापुरता तो विषय सोडून द्या.

कोयनाकाठ

नाकातली लस आपल्याकडेही निघाली होती. स्वाईन फ्लूच्या साथीनंतर, २०१० मध्ये, पुण्याच्या सीरमनं काढली होती. माझ्या कॉलेजातल्या दोघांनी तेव्हा घेतलेली आठवते.

तात्या माणदेशी

ताई राग मानू नका. आमच्या आटपाडीकडं म्हाताऱ्यांनी जन्मात असली सुई घेतली न्हाई. सुंठ, मिरी, तुळस, गवती चहा, सांगलीची हळद दुधात. ताप आला की घाम काढायचा आन पडून ऱ्हायाचं. आता दर साली दोन-दोन हजार रुपये सुईला घालायचे, त्यात सहा माणसं. गरिबानं काय करावं? माझा विरोध औषधाला न्हाई. दर साली घ्यायची म्हंजे ती पहिली चांगली न्हवती का, येवडंच इचारतो.

सूक्ष्मदर्शी (सातारा)

तात्या, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गोवर एकदा होऊन गेला की पुन्हा सहसा होत नाही, कारण गोवराचा विषाणू फारसा बदलत नाही. फ्लूचा विषाणू दर हंगामात अंगावरचे कपडे बदलून येतो. गेल्या वर्षीची ओळख यंदा अर्धवट उपयोगी पडते, शिवाय लसीचं बळही काही महिन्यांत ओसरतं. म्हणून दर वर्षी. पहिली लस वाईट होती असं नाही, चोर दुसरा सदरा घालून आला.

आता तीन की चार घटक. फ्लूच्या 'ए' गटातले दोन, एच१एन१ आणि एच३एन२. 'बी' गटातले दोन, व्हिक्टोरिया आणि यामागाता. चार घटकांच्या लसीत हे चारही, तीन घटकांच्या लसीत यामागाता नाही. पण हा यामागाता मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीनं सापडलेला नाही. कोविडच्या टाळेबंदीत त्याची साखळीच तुटली असावी. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो घटक आता नको असं सांगितलं, आणि अमेरिकेत २०२४-२५ च्या हंगामापासून सगळ्या लसी तीन घटकांच्या झाल्या. तेव्हा चारच्या मागे धावू नका. चारची मिळाली तर अपाय काही नाही.

मिरजकर

सूक्ष्मदर्शी सर, आमचे फॅमिली डॉक्टर चारचीच घ्या म्हणून अडून बसलेत. त्यांच्या म्हणण्यानुसार तीनची म्हणजे जुनी.

सूक्ष्मदर्शी (सातारा)

२०२० पर्यंत त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तेव्हा चारची खरोखरच सरस होती. खोक्यावरचा हंगाम आणि मुदत पाहा, घटकांच्या आकड्यावरून डॉक्टरांशी वाद नको.

हळदीचं पान (सांगली)

सर, हंगामाचंच विचारायचं होतं. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, मग नॉर्दर्नचीच घ्यायची ना?

सूक्ष्मदर्शी (सातारा)

नकाशावर उत्तरेला, पण फ्लूच्या हिशेबानं नाही. थंड देशांत फ्लू हिवाळ्यात येतो. आपल्याकडे सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यात त्याचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. लसीत कुठले विषाणू घालायचे हे वर्षातून दोनदा ठरतं. फेब्रुवारीत उत्तरेच्या हिवाळ्यासाठी, सप्टेंबरात दक्षिणेच्या हिवाळ्यासाठी. दक्षिणेची लस साधारण आपल्या उन्हाळ्यात बाजारात येते आणि आपल्या पावसाला बरोबर गाठते. म्हणून इथं एप्रिल-मे मध्ये सदर्न. काश्मीरचं वेगळं, तिथं ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा.

लस टोचल्यावर अंगात बळ यायला सुमारे दोन आठवडे जातात. म्हणजे घाटावर ढग दाटल्यावर रांगेत उभं राहून उपयोग नाही.

लोणंदकर

हे दोन आठवड्यांचं फार महत्त्वाचं सांगितलंत. माऊलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते तेव्हा आमच्या गावी मुक्काम असतो. एकेका तंबूत चाळीस-चाळीस माणसं, त्यात निम्मी साठीच्या पुढची, अंगावर ओले कपडे. तरडगाव, फलटण, बरडपर्यंत सगळा तळ खोकत असतो. आमच्या दिंडीतले एक बुवा निघायच्या आदल्या दिवशी लस घेऊन आले आणि फलटणलाच तापानं आडवे झाले. लसच लागली नाही असं ते अजून म्हणतात. आता त्यांना हा धागा दाखवतो. वारीला जाणाऱ्यांनी मे महिन्यातच घ्यावी.

रानवारा

लसीनंच ताप आला असेल त्यांना. माझ्या बहिणीलाही दुसऱ्या दिवशी आला होता.

बालवैद्य (कऱ्हाड)

रानवारा, सुईच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यानं फ्लू होत नाही. दंड दुखणं, अंग मोडून येणं, एक-दोन दिवस कणकण, हे होतं. बहिणीला तेच झालं असेल. आणि एक कबूल करतो. ज्या वर्षी लस विषाणूशी नीट जुळते, त्या वर्षीही ती दवाखान्यात जावं लागेल असा फ्लू शंभरात चाळीस ते साठ जणांचाच टाळते. बाकीच्यांना होऊ शकतो. पण आण्णांसारख्या माणसाला पलंगावर पडणं आणि व्हेंटिलेटरवर जाणं यात फार मोठं अंतर आहे, आणि लस घेतलेला त्या दुसऱ्या टोकाला कमी वेळा पोचतो.

शाकाहारी सांगलीकर

आम्ही जैन. आमच्याकडे आईनं सरळ विचारलं, ही लस अंड्यात वाढवतात ना? मला उत्तर देता आलं नाही. कुणी खरं सांगेल का? लपवू नका, कारण नंतर कळलं तर तिला जास्त दुःख होईल.

सूक्ष्मदर्शी (सातारा)

खरं तेच सांगतो. जगातली बहुतेक फ्लूची लस कोंबडीच्या फलित अंड्यात विषाणू वाढवूनच बनते. मग विषाणू वेगळा काढून, मारून, गाळून शुद्ध करतात. शेवटी अंड्यातलं प्रथिन अगदी लेशमात्र राहतं. अंडं न वापरता केलेल्याही लसी आहेत, पण एक प्रकार कुत्र्याच्या मूत्रपिंडातून पूर्वी घेतलेल्या पेशींच्या वाणावर वाढवतात आणि दुसरा अळीच्या पेशींत. ती अळी कोणती, तर आपल्या मक्यावर पडते तीच, अमेरिकन लष्करी अळी.

प्राण्याशी अजिबात संबंध नाही अशी फ्लूची लस मी तुम्हाला दाखवू शकत नाही. आईंना हे सगळं सांगा आणि त्यांना ठरवू द्या.

मक्याचं रान (तासगाव)

काय सांगता! २०१८-१९ पासून आम्ही पोंग्यात हात घालून घालून ती अळी मारतोय आणि तिकडं तिच्याच पेशींतून औषध काढतात! घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. धाकटी म्हणाली, आबा, मग आपण अळ्या विकूया.

शाकाहारी सांगलीकर

सर, मनापासून आभार. आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती रात्रभर विचारात होती. सकाळी म्हणाली, मी ठरवते, घाई करू नका. आम्ही थांबलोय. घरातल्या बाकीच्यांनी घ्यायची असं तिनंच सांगितलं, म्हणजे तिच्यापर्यंत आजार आणणारं कुणी राहणार नाही.

न्यूजर्सीत वाढलेला साताऱ्याचा आंबा

अंड्याच्या अ‍ॅलर्जीचं राहिलं. पूर्वी अशांना लस देताना फार जपायचे. आता अमेरिकेतला सल्ला असा आहे की अंड्याची अ‍ॅलर्जी असली तरी कोणतीही फ्लू लस चालते, बाकी कुठल्याही लसीला घेतात तेवढीच काळजी पुरे. आधीच्या फ्लू लसीचीच जोरदार रिअ‍ॅक्शन आली असेल तर गोष्ट वेगळी.

हाय डोसबद्दल. नणंदबाई चुकीचं सांगत नाहीत. नेहमीच्या लसीत प्रत्येक विषाणूचं १५ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, हाय डोसमध्ये ६०. म्हातारपणी शरीर लसीला मंद उत्तर देतं, म्हणून चौपट. पासष्टीपुढच्या लोकांवरच्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या लसीच्या तुलनेत फ्लू सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळला. २०२२ पासून अमेरिकेत ६५ च्या पुढे हाय डोस, किंवा बळ वाढवणारं द्रव्य घातलेली, किंवा ती अळीवाली, या तिघींपैकी एक मिळत असेल तर तीच द्या असं सांगतात. पण त्याच सूचनेत पुढे आहे, की यातली हाताशी नसेल तर नेहमीची द्या. माझे बाबा दर वर्षी इकडे सहा महिने असतात. ज्या वर्षी साताऱ्यात असतात त्या वर्षी नेहमीची घेतात.

बालवैद्य (कऱ्हाड)

हेच लिहायला आलो होतो. चौपट डोसच्या शोधात जुलै उजाडला तर आण्णा पावसात उघडे पडतील. मे मध्ये जी हातात आहे ती द्या.

सिस्टर (जत तालुका)

मी उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. दोन गोष्टी लिहिते.

फ्लूची लस बाळाच्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात नाही. तरी २०१५ च्या स्वाईन फ्लूनंतर राज्यात गरोदर माता, मधुमेह आणि बीपीच्या रुग्णांना सरकारी दवाखान्यातून मोफत द्यायला सुरुवात झाली. साठा येईल तसा मिळतो. तात्या, खर्चाची अडचण असेल तर आधी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

दुसरं, लस २ ते ८ अंशांत राहायला हवी आणि गोठायलाही नको. आमच्या आयएलआरचं (लसी ठेवायच्या खास फ्रीजचं) तापमान मी रोज दोनदा वहीत लिहिते. मेडिकलमधून घेणार असाल तर आइस पॅकवर मागा आणि तडक डॉक्टरकडे न्या. वाटेत बाजार करू नका.

कोयनाकाठ

सिस्टरताईंचं शंभर टक्के खरं. आमच्या शेजाऱ्यांनी मेच्या उन्हात लस घेतली आणि गाडीच्या डिकीत ठेवून दीड तास लग्नात जेवले. डॉक्टरांनी हात लावून बघितली आणि बाजूला ठेवली. पैसे गेले, पुन्हा नवी आणायला लागली.

रानवारा

मला अजून एका गोष्टीची भीती वाटते. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे, किती रुग्ण निघाले. माझ्या मावशीच्या सोसायटीत एक होते. फ्लूच्या लसीनं जीबीएस होतो असं वाचलं. खरं आहे का?

सूक्ष्मदर्शी (सातारा)

भीती वाटणं साहजिक आहे. पुण्याच्या त्या साथीचा संबंध दूषित पाण्याशी आणि त्यातल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूशी होता, लसीशी नाही. लसीचा संदर्भ १९७६ चा, अमेरिकेतला. त्या वेळच्या स्वाईन फ्लू लसीनंतर लाखात साधारण एक जास्तीचा रुग्ण आढळला होता. आताच्या लसींत धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोन. खुद्द फ्लू झाल्यावरही जीबीएस होऊ शकतो. पूर्वी फ्लूची लस घेतल्यापासून सहा आठवड्यांत ज्यांना जीबीएस झाला असेल, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

विट्याची पोल्ट्री

आमच्याकडं शेड आहेत, बारा कामगार. बर्ड फ्लूला ही लस चालते का? २००६ ला नवापूरला झालं तेव्हा अंडी कुणी फुकट घेईना.

सूक्ष्मदर्शी (सातारा)

नाही, ही लस बर्ड फ्लू अडवत नाही. तरी कामगारांना द्या. एकाच माणसाच्या अंगात माणसाचा फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू एकत्र आले तर दोन्हींची सरमिसळ होऊन नवाच विषाणू निघू शकतो. ती गाठ पडू नये म्हणून शेडमधल्या माणसांना नेहमीची लस द्यायची.

जुनं माहुली

वय ७९. तात्या म्हणतात तसं आमच्या घरीही काढाच होता. पण माझे आजोबा मानमोडीची, म्हणजे फ्लूच्या मोठ्या साथीची, गोष्ट सांगायचे. १९१८ ची. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आजोबा तेव्हा अकरा वर्षांचे. घरात सात जणांना ताप, पाणी द्यायला एकटे ते उभे. कृष्णेच्या घाटावर सरणाला लाकूड मिळेना म्हणायचे. त्यांची आई आणि धाकटा भाऊ एका आठवड्यात गेले. सुंठ-तुळस तेव्हाही घरोघर होती. माणसाला होणाऱ्या फ्लूचा विषाणू सापडला तो १९३३ मध्ये, म्हणजे त्या वेळी कुणाला शत्रूचं नावही ठाऊक नव्हतं. मी २०१० पासून दर उन्हाळ्यात लस घेतो. आजोबांची आठवण काढतो आणि दंड पुढे करतो.

तात्या माणदेशी

आजोबांचं वाचून गप झालो. आमच्या पणजीचं घरबी मानमोडीतच बसलं म्हणत्यात. काढा मी सोडणार न्हाई. पण कारभारणीला दमा हाय, तिच्यासाठी सरकारी दवाखान्यात इचारतो.

बालवैद्य (कऱ्हाड)

जरूर विचारा तात्या, दमा असलेल्यांनी आधी घ्यायची. काढाही घ्या. फक्त वय झालेलं, दमेकरी, गरोदर किंवा मधुमेही माणूस तापानं फणफणला तर घरी दोन दिवस वाट बघू नका. फ्लूवरची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त गुण देते.

हळदीचं पान (सांगली)

सगळ्यांचे उपकार कसे मानू! बारा दिवसांनी लिहितेय, काय काय झालं ते सांगते.

आण्णांना तीन घटकांची, सदर्न, यंदाची. त्याच दिवशी दुसऱ्या दंडात न्यूमोनियाची लसही दिली, दोन्ही एकदम चालतात म्हणाले. ते रक्त पातळ व्हायची गोळी घेतात, म्हणून बारीक सुई वापरली आणि टोचल्यावर मी दोन मिनिटं कापूस दाबून धरला. आईंच्या संधिवाताच्या डॉक्टरांना फोन केला. सांधे सध्या शांत आहेत, त्यामुळे लस घेतल्यावर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवा, बळ चांगलं येतं, असं त्यांनी सांगितलं. स्वतःच्या मनानं आम्ही हे कधीच केलं नसतं, आणि कुणी करूही नये. जाऊबाई घाबरल्या होत्या, बाळाला काही होईल का म्हणून. त्यांच्या डॉक्टरबाईंनी बालवैद्यांसारखंच समजावलं, मग तयार झाल्या. दंड एक दिवस दुखला, बाकी काही नाही. आम्ही दोघांनीही घेतली, कारण बाळ येणार आहे आणि बाहेरून ताप घेऊन येणारे आम्हीच.

मुलानं दवाखाना डोक्यावर घेतला. पहिला डोस झाला. दुसरा चार आठवड्यांनी, म्हणजे नेमका त्याच्या बालवाडीच्या पहिल्या दिवशी येतोय. पहिल्याच दिवशी दंड दुखत नको वाटतं. दोन दिवस आधी दिला तर चालेल का?

बालवैद्य (कऱ्हाड)

आधी नको ताई, चार आठवडे पुरे होऊ द्या. दोन-चार दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. बालवाडीचा पहिला आठवडा जाऊ द्या, शनिवारी घेऊन जा. तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हळदीचं पान (सांगली)

लिहिली. आण्णांनी स्वतःच लाल पेनानं गोल केला.